मूठभर तूर

छप्पन्न साली तिकडं दिल्लीत राज्यांच्या नकाशावर नवी रेघ ओढली आणि इकडं महागूची बस कटंगीच्या पुढं हद्दीवर अडली. पलीकडं आता मुंबई राज्य, तिथला परवाना कंपनीकडं नव्हता. त्याची पोटुशी लेक कमला मात्र पलीकडंच, तुमसरच्या वाटेवर नांदत होती.

दर मंगळवारी बायकोनं लेकीसाठी फडक्यात बांधलेले लाडू महागू पलीकडच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. "तुमची पोरगी म्हंजे आपलीच पोरगी, भाऊ," तो ड्रायव्हर म्हणायचा. पुढच्या मंगळवारी फडकं धुऊन परत यायचं, टोकाला मूठभर तूर बांधलेली. माहेरचं फडकं लेक कधी रिकामं धाडत नाही. ती गाठ सोडून महागू घरी सांगायचा, "पोरगी मजेत हाये."

चार महिन्यांनी परवाना आला. पहिल्याच फेरीला महागूनं लेकीच्या दारात बस उभी करून हॉर्न वाजवला. दिवस भरलेली कमला दारात आली, पण उंबरा काही तिनं ओलांडला नाही.



"बस बंद झाली म्हून मायनं लेकीले बी टाकलं का, बाबा? चार महिन्यांत एक लाडू तरी धाडाचा होता."