बर्फात उभे दोन टँक

दिव्यानीने आपला टँक निकेशच्या टँकच्या बरोब्बर पुढे आडवा लावला आणि इंजिन बंद केलं.

"सरक ना व," निकेशचा आवाज तिच्या कानातल्या वायरमधून आला. "मले समोरचं काही दिसून नाई राह्यलं."

"मी दिसून राह्यली ना? मंग झालं."

मोबाइलमधल्या युद्धभूमीवर बर्फ पडत होता. दिव्यानी चामोर्शीजवळच्या गावात, अंगणात उन्हाला बसली होती. समोर लाखोरीची डाळ वाळत होती आणि शेळ्या हाकायची काठी मांडीवर होती. तिचा नवरा आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या पोलीस कॅम्पात सुरुंगरोधक गाडीचा ड्रायव्हर होता. फोनवर तो "हो", "जेवलो" आणि "ठेवतो" एवढंच बोलायचा. खेळातल्या टँकमध्ये बसला की मात्र मोकळा व्हायचा. म्हणून दिव्यानी टँक चालवायला शिकली. सायकल तिला अजून येत नव्हती.

"उद्या जत्रेले येता का नाई, एवढं सांगा. मंग सरकीन."

उद्या मार्कंड्याची जत्रा होती. लग्न झाल्यापासून दोघं जोडीने एकदाच बाहेर गेले होते, बँकेत. तिथेही शिपायाने दोघांना वेगवेगळ्या रांगेत उभं केलं होतं.

"डावीकडं पाह्य, दुश्मन आला," निकेश म्हणाला.

"येऊ द्या. त्याले बी विचारू, तो जत्रेले जाते का."

"ओ भाई लोग!" तिसरा आवाज आला. हा त्यांच्याच बाजूचा कुणी अनोळखी खेळाडू. पडद्यावर त्याचं नाव 'कानपुर का शेर' असं दिसत होतं. "यहाँ जंग चल रही है और तुम लोग पार्किंग में खड़े हो?"

दिव्यानीने इंजिन बंदच ठेवलं.

"सुट्टी नाई भेटली," निकेश शेवटी म्हणाला.

"काऊन?"

"गाडीले डायवर पाह्यजे."

"कुठी जाऊन राह्यली गाडी?"

"कुठीच नाई. मी आलो तवापासून जागची हालली नाई. रस्त्यात सुरुंग असन तर, म्हणून सारे पायीच जातेत."

"अन् ती गाडी सुरुंगासाठीच बनवली ना जी?"

"हो. पण महाग हाये. साहेब म्हणते, खरंच सुरुंग लागला तर?"

दिव्यानीने यावर विचार करून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

"मंग डायवर कायले?"

"कधी निघालीच तर."

"तोवर?"

"तोवर पुसतो. काल दार उघडलं त माह्या शिटावर कोंबडी बसून. आचाऱ्याची हाये. खाली अंडे हायेत. साहेब म्हणे, उठवू नको, पाप लागते."

"म्हणजे शिटावर कोंबडी हाये."

"हो."

"तरी तुमाले सुट्टी नाई."

"कोंबडीजवळ लायसन नाई ना व."

हे तो हसत म्हणाला असता तर दिव्यानीला बरं वाटलं असतं.

ओसरीवर तिची सासू गुणाबाई पाखडत बसली होती. तिने सूप थांबवलं. "येते का व तो?"

दिव्यानीने नाही म्हणून मान हलवली.

गुणाबाईने सूप पुन्हा हलवायला घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, "तुह्या त्या टँकात डब्बा जाते का पाह्य."

कानपूरचा शेर हे सगळं ऐकत होता. मराठी त्याला किती कळली कोण जाणे. पण सुट्टी मिळाली नाही, एवढं माणसाला कोणत्याही भाषेत कळतं.

"भाभी," तो हळू आवाजात म्हणाला, "बाईं तरफ से दो आ रहे हैं. आप लोग बात कर लो. मैं देखता हूँ."

तो आपला टँक घेऊन शत्रूला आडवा गेला. एक गोळा त्याने झेलला, दुसरा झेलला, तिसऱ्याला पेटला. दिव्यानीने पेटताना पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

"चला," ती म्हणाली.

"कुठी?"

"घरी. मी पुढं, तुमी मांगं."

"ह्या खेळात घर नाई व."

"पाहू त खरं."

दोन टँक एकामागे एक निघाले. मोडका पूल गेला, जळकं गाव गेलं, सुरूसारखी टोकदार झाडं गेली. मागून गोळे येत होते, बर्फात पडत होते. निकेशने तोफ एकदाही वळवली नाही. मैदान संपलं तिथे पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, युद्धक्षेत्र सोडून जाऊ नये. सूचनेच्या पलीकडे एक घर होतं. खेळ बनवणाऱ्याने ते लांबून दिसायला म्हणून काढून ठेवलं असावं. धुराड्यातून धूर निघत होता, आणि दार उघडं होतं.

दिव्यानीचा टँक न दिसणाऱ्या भिंतीला टेकला. निकेशचा तिच्या शेजारी येऊन टेकला. चाकांवरचे पट्टे गरगरा फिरू लागले, दोघांच्या मागे बर्फ उडू लागला.

"नाई जात व," निकेश म्हणाला. पण त्याने बटणावरचा अंगठा काढला नाही. तिनेही काढला नाही.

या खेळात मेलेल्या माणसालाही खेळ शेवटपर्यंत बघता येतो आणि बोलताही येतं.

"भाभी," कानपूरचा शेर म्हणाला, "थोड़ा और ज़ोर लगाओ."