जाड अस्तर

फिटर रिकाम्या हौदात गुडघे टेकून बसला होता आणि चिरलेलं अस्तर अंगठ्याने चाचपत होता. वेल्डर बाहेरच्या बाजूने पत्र्याच्या भिंतीवर कोपरं टेकून उभा होता.

"याला ठिगळ लावण्यात अर्थ नाही, काका," फिटर म्हणाला. "प्लास्टिक पार वाळलंय. इथे जोडलं की तिथे फाटणार. अस्तर नवीनच घाला."

परसातला हा हौद खणलेला नव्हता, जमिनीवरच उभा केलेला होता. पत्र्याची गोल भिंत, आत निळं अस्तर, बाजूला घरघरणारा पंप. घेताना वेल्डरने दुकानदाराला सळो की पळो करून सोडलं होतं. मोठा नको, खोल नको, पाणी लेकीच्या छातीपर्यंत येईल असाच पाहिजे. त्यासाठी आईने काखेत हात घालून लेकीला भिंतीशी उभं धरलं आणि त्याने टेप लावली, तेव्हा लेक हसून म्हणाली होती, "बाबा, हौद घेताय की मला फ्रॉक शिवताय?"

तिच्या अंगातली ताकद हळूहळू ओसरत चालली होती. त्यावर औषध नव्हतं. जमिनीवर पाय तिला पेलत नव्हते, पाण्यात पेलायचे. वेल्डर तिला उचलून आत घ्यायचा, तिचे हात आपल्या तळव्यांवर पेलून पाठमोरा मागे सरायचा आणि ती चार पावलं चालायची. त्या चार पावलांसाठी तो रोज कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी जाळीने पानं काढायचा, क्लोरीन टाकायचा, कागदाची पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग डब्यावरच्या रंगाशी ताडून बघायचा. शेजारी म्हणायचे, वेल्डरला आता राजेशाही थाट सुचलाय. तो म्हणू द्यायचा.

फिटरने पिशवीतून दोन तुकडे काढून भिंतीवर ठेवले. "हे पातळ. दोन-तीन उन्हाळे काढेल. आणि हे जाड. दहा वर्षं बघायला नको." घरात एक मुलगी आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. "मी तर म्हणतो जाडच घ्या. उद्या मुलीची मुलंसुद्धा यात डुंबतील."

बायको चहा घेऊन आली होती. तिने कप भिंतीवर ठेवले आणि पातळ तुकडा दोन बोटांत धरून पाहिला.

"अहो, हे घ्या," ती म्हणाली.

"का?"

"पुरेल."

वेल्डरने तिच्याकडे पाहिलं नाही. "जाड घाला," तो फिटरला म्हणाला.

"अहो, मी काय म्हणते..."

"जाड घाला म्हटलं ना."

ती आत निघून गेली. आपल्या तोंडून काहीतरी भलतंच गेलं हे फिटरला कळलं, पण काय ते कळेना. त्याने चहा संपवला आणि कामाला लागला.

अस्तर बसवून फिटर गेला, नळी सोडली, तरी वेल्डर आतच होता. घोटाभर पाण्यात अनवाणी फिरत तो तळाची एकेक सुरकुती पायाने दाबून कडेला सारत होता. लेकीच्या तळव्यांना सुरकुती टोचायची. हौद भरायला दुसरा दिवस उजाडला. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. पंप सुरू केला, औषध टाकलं, पट्टीचा रंग जुळेपर्यंत तिथून हलला नाही. ऊन कलल्यावर टॉवेल खांद्यावर टाकून तो लेकीच्या खोलीत गेला. तिचा पलंग परसाच्या खिडकीशी होता.

"चला, मॅडम. पाणी तयार आहे."

"आज नको, बाबा."

"अगं, कोमट आहे छान. दुपारभर ऊन खाल्लंय त्याने."

"पाणी चांगलंच असेल." पुढचं बोलायला तिला थांबून श्वास घ्यावा लागला. "मागच्या वेळी मी चाललेच नाही. तुम्ही मला नेत होतात. पाय नुसते लोंबत होते."

वेल्डर टॉवेलची घडी घालू लागला. त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, बघ, आजही चार झाली. तीही हसली होती. तिला कळलं नाही, असं समजून तो निर्धास्त होता.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"आईनेच तर माझे पाय पुसले ना, बाबा. तिला तेव्हाच कळलं."

त्याने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला.

"तुम्ही उतरा," लेक म्हणाली. "एवढं नवं अस्तर घातलंत, कुणीतरी उतरायला नको? मी बघते इथून."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. पुढे होऊन तिने लेकीच्या पाठीमागे आणखी एक उशी सारली आणि तिची मान खिडकीकडे वळवून दिली.

वेल्डर परसात आला. सदरा काढून त्याने पंपावर ठेवला आणि शिडीवरून पाण्यात उतरला. पाणी नितळ होतं, तळ लख्ख दिसत होता. त्याला पोहता येत नव्हतं. एकटा माणूस पाण्यात काय करतो, हे त्याला माहीतच नव्हतं. थोडा वेळ तो मधोमध नुसता उभा राहिला. मग हळूहळू पाठमोरा चालू लागला. दोन्ही हात पाण्याखाली पुढे धरलेले, तळवे वर. भिंतीपर्यंत गेला, वळला, पुन्हा तसाच मागे मागे आला. खिडकीतून लेक बघत होती, म्हणून तो थांबला नाही.