भंडाऱ्यावरचं कर्ज

“दोन जामीनदार आण. नावावर जमीन असलेले. त्याबिगर अर्जच घेता येत न्हाय, सारजा,” रामहरीतात्या म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली. इंदापूरची ती छोटी सहकारी बँक निघाल्यापासून ते तिथं मॅनेजर होते.

सारजा धनगरवस्तीवरची. रोगानं तिची निम्म्याहून जास्त मेंढरं आखाडात मेली होती. दिवाळी झाली की सगळे कळप कोकणात उतरणार. उद्याच्या बाजारात मेंढ्या घेतल्या तर घेतल्या, नाहीतर यंदापासून दुसऱ्याची मेंढरं राखायची.

“भंडारा उचलते की. दोनदा उचललाय, दोनदा फेडलंय.”

“आता भंडारा चालत न्हाय.”

“का? देव बदलला व्हय बँकंचा?”

तात्यांना हसू आलं नाही. ही रीत त्यांनीच घातली होती. ज्याच्याकडं सातबारा नाही त्यानं बिरदेवाचा भंडारा, देवापुढची हळद, हातात घ्यायचा, फेडीन म्हणायचं, कपाळाला लावायचा आणि पैसे न्यायचे. जेठात कोकणातून परतलेला मेंढका आधी बँकेत यायचा, मग घरी जायचा. देवाचं ओझं डोक्यावर घेऊन घराचा उंबरा कसा ओलांडायचा? बँकेसमोर मेंढरं, रस्ताभर लेंड्या, एसटीचा ड्रायव्हर हॉर्न बडवून आयमाय काढतोय, आणि आत काउंटरवर चुरगळलेल्या नोटांना लोकरीचा वास. तो वास अजून तात्यांच्या नाकात होता.

मग एका संचालकानं तोच भंडारा उचलला. ट्रक घ्यायला. कपाळ पुसलं आणि बँक धुऊन खाल्ली. भंडारा खोटा नव्हता. माणूस खोटा होता, आणि ते ठाऊक असून त्याच्या हातावर भंडारा तात्यांनीच ठेवला होता. रिझर्व्ह बँकेचे साहेब तपासणीला आले. त्यांनी वसुली लावली, संचालकाचा बंगला विकला गेला, लोकांच्या ठेवी वाचल्या. आणि भंडाऱ्यावरची कर्जं बंद झाली. चोराची झाली, सारजाचीही झाली.

वालचंदनगरच्या कारखान्यातून रिटायर झालेले दादासाहेब काउंटरशी पासबुक भरून घेत होते. ते मध्येच बोलले, “बाई, नियम हाय म्हणून आमी जित्तं हाय. माझा सगळा फंड हितंच हाय. बुडाला असता की!”

“बरं झालं वाचला,” सारजा म्हणाली. मनापासून म्हणाली. “जमीन हाय का तुमास्नी?”

“हाय की. काटेवाडीला. सगळी बागायत.”

“मग व्हा की माझं एक जामीन.”

दादासाहेबांनी पासबुक पिशवीत घातलं. पिशवीचा बंद बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

“एसटी चुकंल माझी,” ते म्हणाले आणि गेले.

तात्यांनी त्या रिकाम्या दाराकडं पाहिलं. मग खिशातून पाकीट काढलं, आजच मिळालेला दिवाळीचा बोनस टेबलावर ठेवला. “हे माझं हाय. बँकंचं न्हाय. घे, जमंल तवा दे.”

सारजा नोटांकडं बघत राहिली. तेवढ्या पैशांत तिच्या मेंढ्या आल्या असत्या.

“नगं, तात्या.”

“का गं? मी काय परका हाय?”

“बँकंचं फेडलं की मी सुटायची. तुमचं फेडलं तरी सुटायची न्हाय. हितं मी ताठ आले, ताठ गेले. तेवढं ऱ्हाऊ द्या.”

ती पायऱ्या उतरली. मेंढरांचा मोठा कळप असलेली दगडाबाई रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीशी बसली होती. सारजा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “कोकणात न्यायला माणूस पायजे न्हवं तुला?”