टिंबापुढचं श्रमसाफल्य

"श्रमसाफल्य टिंब... पुढे काय, आजी?" विनाचालक रिक्षाने पुन्हा अदबीने विचारलं.

द्वारकाबाईंना टिंबापुढचं काही केल्या आठवेना. घराच्या पत्त्यात पूर्वी तिथे 'घर' होतं. गेल्याच आठवड्यात सुनेने हौसेने ते बदलून नवंकोरं काहीतरी घेतलं होतं. आताशा इंटरनेटवर टिंबापुढे रोज नवे शब्द निघत, आणि घराचं दार काय, मुलाचा फोन काय, तो शब्द सांगितल्याशिवाय कुणी दाद देत नसे.

"अरे, चिंचेसमोरचं पिवळं घर! आमच्या ह्यांनी बांधलेलं!"

"गावात श्रमसाफल्य नावाची पुष्कळ घरं आहेत. निवास, कुटुंब, अंगण, माया... यांतलं कुठलं?"

"माया असेल रे बाबा," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

रिक्षा वळली. चिंच आली, पिवळं घर आलं. गच्चीत त्यांचंच लुगडं वाळत होतं आणि फाटकाशी सून वाटेकडे डोळे लावून उभी होती.

"थांब! हेच ते! केतकी, अगं केतकी!" त्यांनी बंद काचेवर हात आपटले.

"हे माया नव्हे, आजी. तुमचं घर अजून लांब आहे," रिक्षा समजुतीच्या सुरात म्हणाली आणि तिने वेग वाढवला.