विमान पुन्हा केंटकीला

"उतरलं," फोनवरची नजर न काढता हॉयट म्हणाला. "पुन्हा केंटकी. आठवड्यातली तिसरी खेप."

डॉटीच्या खानावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर सगळ्यांनी माना वर केल्या. व्हर्लन स्टॅगनरने हातातला चमचा खाली ठेवला.

ते पांढरं विमान कॉलेजच्या सगळ्यात बड्या देणगीदाराचं. ऑक्टोबरच्या शेवटी फुटबॉलच्या जुन्या कोचची हकालपट्टी झाली आणि बेलफर गावाला दुसरा उद्योगच उरला नाही. कुठलं विमान कुठे जातंय ते हल्ली फोनवर दिसतं. देणगीदाराचं विमान जिथे वारंवार उतरेल, तिथलाच कोच आपल्याकडे येणार, एवढं तर गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"म्हणजे गार्नर लीच," हॉयट म्हणाला. "विमान उतरतं त्या गावात दुसरं आहेच काय? एक छोटं कॉलेज आणि एक म्हातारा कोच."

"म्हातारा कसला? एकसष्टचा आहे," डॉटी कॉफी ओतत म्हणाली. "तुझ्यापुढे पोरगाच की!"

सगळे हसले. व्हर्लनला हसू आलं नाही.

"तुझे जावईबापू काय म्हणतात रे?" हॉयटने हळूच विचारलं.

"काही म्हणत नाही तो. तोंडाला कुलूप."

जावई म्हणजे क्लिफ. नऊ वर्षं याच संघाचा मदतनीस कोच. उरलेल्या चार सामन्यांपुरती सूत्रं त्याच्या हाती दिली, तर पठ्ठ्याने चारही जिंकून दाखवले. पण नवा मुख्य कोच आला की आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्या मदतनीसांना नारळ मिळतो. या धंद्याची रीतच आहे ती. क्लिफला गादी मिळाली नाही, तर टॅमरा आणि छोट्या बेकाला घेऊन तो दूर ओरेगनला जाईल, नाहीतर आयडाहोला. लेक आणि नात आज चार घरं सोडून राहत होत्या. बायको गेल्यापासून व्हर्लन रोज संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवायचा. त्या गेल्या, तर आपण कोणासाठी उठायचं, हा विचार त्याला सोसवत नव्हता.

रविवारी क्लिफ येऊन गेला होता. दारातच उभा राहिला, टोपी हातात फिरवत.

"पप्पा, आपल्या गल्लीतलं ते विटांचं घर रिकामं आहे ना? भाड्याने देतील का?"

"कोणाला हवंय?"

"असंच विचारलं."

व्हर्लनला वाटलं, नोकरी जाणार, पगार थांबणार. पोरगा आतापासूनच लहान घर शोधतोय!

"क्लिफ, खरं सांग. ते विमान..."

"शनिवारपर्यंत कळ काढा, पप्पा. मला काही बोलता येत नाही. आणि तुम्हीही कुठे काही बोलू नका, हात जोडतो."

एवढं बोलून तो खाली मान घालून निघून गेला. हरलाय, पण सांगायची लाज वाटतेय, असं व्हर्लनने धरलं. त्याला फार वाईट वाटलं आणि देणगीदाराचा संतापही आला. चार सामने जिंकून देणारं घरचं पोर सोडून हे परगावचा म्हातारा आणायला निघालेत!

आणि आज बुधवारी विमान पुन्हा केंटकीला.

खानावळीतून निघून व्हर्लन आपल्या ट्रकमध्ये बसला, काच वर केली आणि रेडिओला फोन लावला. दुपारच्या फुटबॉल गप्पांचा रेडिओ कार्यक्रम सगळं राज्य ऐकतं. बोभाटा झाला की असे सौदे फिसकटतात, हे चाळीस वर्षांत त्याने कितीदा पाहिलं होतं. लीचचं कॉलेज खडबडून जागं होईल, त्याला पगार वाढवून देईल, म्हातारा तिथेच राहील. मग बेलफरला क्लिफशिवाय आहे कोण?

"मी जिम बोलतोय," तो खोटंच नाव सांगत म्हणाला. "गार्नर लीचचं बेलफरशी पक्कं झालंय. त्याच्या संघाचा शनिवारचा सामना संपला की सही. माझी बातमी आतली आहे."

संध्याकाळपर्यंत बातमी केंटकीत पोचली होती. गुरुवारी सकाळी लीचने जाहीर करून टाकलं, मी कुठेही जात नाही.

"बिनसलं!" हॉयट ओरडला. "आता तुझ्या क्लिफला कोण अडवतोय?"

त्या दिवशी व्हर्लनने टेबलावरच्या सगळ्यांना ॲपल पाय खाऊ घातला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली होती.

दुपारी क्लिफ आला आणि ओसरीच्या पायरीवर मटकन बसला.

"कोण तो जिम, देव जाणे," तो म्हणाला. "लीचसर शनिवारचा सामना झाल्यावर आपल्या पोरांना स्वतः सांगणार होते. पोरांनी ते रेडिओवर ऐकलं. रडायलाच लागली. सरांनी त्यांना तिथल्या तिथे शब्द दिला, तुम्हाला सोडून जाणार नाही. आता देव आला तरी ते शब्द मोडायचे नाहीत."

"वाईट झालं," व्हर्लन जपून म्हणाला. "पण तुझं तर..."

"आत्ताच निरोप आला. मी नाही. बाहेरचा कोणीतरी आणणार आहेत. टॅमरा घरी रडतेय. जानेवारीत निघावं लागेल, पप्पा."

"अरे, पण लीच तर येत नाही! मग तू का नाही?"

क्लिफने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मुख्य कोच मीच होणार होतो, पप्पा. महिन्यापूर्वीच ठरलं होतं. मी नवखा, म्हणून त्यांची एकच अट होती, लीचसर माझे मदतनीस म्हणून यायला हवेत."