कप्तानाची जर्सी

छत्तिशी ओलांडलेल्या कप्तानापुढे फुटबॉल क्लबच्या मॅनेजरने नवा करार सरकवला. रक्कम जुन्या कराराच्या बरोबर निम्मी होती.

"राग मानू नका, कप्तान. पण हल्ली तुम्ही मैदानात पळत नाही, शतपावली घालता."

"कोण म्हणतं असं?"

मॅनेजरने साक्षीला थेट धुलाईघरातल्या मावशींना बोलावलं. पंधरा वर्षं संघाचे कपडे त्याच धूत होत्या.

"मावशी, शनिवारच्या मॅचनंतर यांची जर्सी कशी आली?"

"इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. धुवायची की तशीच कपाटात ठेवायची, तेच कळेना."

"घरचा भेदी!" कप्तान पुटपुटला. मॅनेजरने हसत त्याच्या हातात पेन दिलं.

"अहो, पुढचं तर ऐका," मावशी म्हणाल्या. "हा नवा होता ना, तेव्हा चिखलाने माखलेली जर्सी याची एकट्याची यायची. बाकीच्या दहा कोऱ्या करकरीत. आता हा एका जागी उभा राहून नुसता ओरडतो, आणि त्या दहा अशा येतात की मशीनमध्ये टाकायच्या आधी ब्रशने घासाव्या लागतात."

मॅनेजरचं हसू मावळलं. त्याने कप्तानाच्या हातातलं पेन गुपचूप परत घेतलं आणि करारावरची रक्कम खोडली.

"थांबा साहेब," मावशींनी कागदावर हात ठेवला. "हा काय, नुसता ओरडतो. घासते मी. आधी माझा करार काढा."