दिवस बुडाल्यावर

पद्माकाकीनं डोळे उघडले तसा अजितकुमारनं घाईनं चमचा पुढं केला. मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या खाटेपाशी कस्तुरी कंदिलाची वात वर करत होती. शेजारची खाट रिकामी होती. परवापर्यंत तिच्यावर कस्तुरीची आई होती. दोघी जावा एकाच घरात, एकाच काविळीनं पडल्या होत्या.

कावीळ डोक्यात गेलीय, डॉक्टर म्हणाले होते. शुद्ध येते का तेवढं बघत राहा. कालपर्यंत काकी पोटच्या पोरालाही ओळखत नव्हती.

"आई, घे. साखरपाणी हाय. रेशनची साखर, सांडू नगंस."

काकीनं चमच्याकडं पाहिलं. "दिवस हाय का रं?"

"हाय की. आत्ता कुटं चार वाजल्यात."

"मग कंदील कशाला पेटवलायस? लबाडा!"

तिनं तोंड फिरवलं, दात आवळले. दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा जैनाघरचा नेम दोघी जावांनी लहानपणापासून पाळला होता.

"घेतच न्हाई गं," अजितकुमार रडवेला झाला. "हिचं बी आता थोरल्या आईवानीच..."

कस्तुरी वाटीकडं बघत राहिली. परवा याच कंदिलाखाली आई वाटीभर प्याली होती. काही विचारलं नव्हतं. चमचा ओठाला लागला की तोंड उघडत होती. आईला उतार पडला, असा निरोप कस्तुरीनं लगेच गावी धाडला होता. पहाटे आई गेली.

एकदा तरी आईनं दात आवळायला हवे होते. एकदा तरी लेकीला लबाड म्हणायला हवं होतं.

"रडू नगंस," ती म्हणाली. "तुजी आई परत आली."

"मग पीत का न्हाई?"

"म्हणूनच."

अजितकुमारनं चमचा खाली ठेवला. मग डॉक्टरांना बोलवायला धावला.

काकीनं डोळे किलकिले केले. "कस्तुरे, आक्का जेवली का गं, दिवस हाय तवर?"

"व्हय."

"बरं झालं," म्हणून काकीनं डोळे मिटले.

खिडकीबाहेर काळोख दाटला होता. कस्तुरीनं साखरपाण्याची वाटी उचलली आणि रिकाम्या खाटेवर बसून तळापर्यंत पिऊन टाकली.